श्वासात सापडलेला ऊस

—नाही, मान हलवू नकोस पोरी, नुसते डोळे मिट नि उघड, तेवढं पुरे. त्या काचेसारख्या पेटीत डोकं असेपर्यंत बोलायचं नाही, झोपायचं नाही, नुसता श्वास सोडायचा आणि यंत्र तो मोजणार. काल मी होते तिथं. आज माझी सुईची पाळी—ही बघ, दंडात थेंब थेंब साखरेचं पाणी चाललंय, खुणेची साखर म्हणे, अंगात कुठं कुठं फिरते ते मग रक्तात शोधतात. तू किडनीवाल्यांची ना? मिटलेस, म्हणजे हो. आम्ही लिव्हरवाले. हृदयवाले पलीकडच्या खोलीत. तिन्ही तपासण्यांना मिळून यंत्र एक, स्वयंपाकघर एक, आणि तो फ्रीज एक—शी, त्या फ्रीजचं नावच नको. अर्ध्या चिआंग मायची लघवी कॅनमध्ये भरून, रंगीत चिठ्ठ्या लावून, ओळीनं मांडलेली. सकाळी माझा कॅन ठेवायला दार उघडलं तर कुणा हृदयवाल्याचं झाकण सैल, खालच्या फळीवर ठिबकतंय. मी घरी आंघोळ केल्याशिवाय बुद्धासमोर फूल ठेवत नाही, आणि इथं चारचौघांत कापूस चघळून नळीत थुंकायचं. ओकारी यायची बाकी होती. पण सोसलं. कुणासाठी सोसलं विचार—त्या तिच्यासाठी. खिडकीतून दिसतेय मला, फाटकाशी चिंचेखाली बोचकं घेऊन बसलीय. दहाच्या पिवळ्या गाडीनं जायचंय तिला, मे रिम गावाला, घरी. जाऊ दे. मी बघतसुद्धा नाही तिकडं.

माझी थोरली बहीण, बुआलाय. तिला साखरेचा आजार, मला नाही. एका आईच्या, एका ताटात जेवलेल्या, मग रात्रभर उपाशी असताना हिचंच लिव्हर साखर का ओतत राहतं, हे डॉक्टर पिमजाईंना बघायचंय. म्हणून जोडी लागते, एकटी चालत नाही. ती गेली की ही सुई काढून मलाही घरी धाडणार. आणि आम्ही आलो ते बुआलायच्या लेकीपायी—सातवा महिना चाललाय, आणि तिच्याही रक्तात साखर निघालीय. आमच्या आईचा पाय गेला या साखरेत. पोटातल्या लेकराच्या वाट्याला काय येणार आहे ते कळावं, एवढंच. त्याच्यासाठी मी थुंकायला तयार झाले गं, आणि हिला जीभ आवरली नाही.

पथ्य काय अवघड होतं का? उसाची साखर नको, मका नको, बाकी भात खा, मासे खा, गोड हवंच असेल तर ताडगूळ खा. ऊस आणि मका अंगात एक जड खूण सोडतात, आणि या सुईतल्या साखरेलाही तसलीच खूण असते, मग दोन्ही मिसळली की कुणाची कोणती कळायची कशी? हे तुलाही सांगितलं असेल. आज सकाळी उपाशीपोटी बुआलायनं पिशवीत पहिला श्वास फुंकला आणि यंत्रानं दाखवलं—ऊस. डॉक्टर पिमजाई गोड बोलतात, म्हणाल्या, "मावशी, काही खाल्लंत का? मी रागावणार नाही." तर ही म्हणते, "बुद्धाची शपथ, रात्रीपासून काही खाल्लं नाही." "मग श्वासात ऊस कुठून आला, मावशी?" त्यावर हिनं फक्त माझ्याकडं बघितलं नि गप्प बसली. खोटी शपथ, आणि वर तोंड शिवलेलं. मला असली किळस आली—त्या फ्रीजची नव्हती आली एवढी. सगळ्यांदेखत म्हटलं मी, "लहानपणी भिक्खूंसाठी ठेवलेला केळीच्या पानातला चिकटभात पळवायचीस, अजून तशीच खादाड आहेस. लेकीचीसुद्धा लाज नाही."  खाली वाकून बोचकं बांधायला लागली.

आणि मी किती केलं तिच्यासाठी. पहाटे उठून, थंड पाण्यानं आंघोळ करून मागच्या आवारात गेले—ते खांबावरचं, जागेच्या राखणदार देवाचं चिमुकलं घर आहे ना, तिथं. उदबत्ती लावली. म्हटलं, बाबा, ही परीक्षा नीट पार पाडू दे, बुआलायची साखर उतरू दे, तिच्या लेकीचं बाळ जगात येईपर्यंत मी गोडाला शिवणार नाही. लाल सरबताची बाटली ठेवली, नळी घालून, जशी सगळेच ठेवतात—यंत्र रुसलं की या नर्सासुद्धा ठेवतात, मी बघितलंय. उदबत्ती विझल्यावर राखणदाराची परवानगी मागून बाटली उतरवली आणि तशीच बुआलायकडं नेली. ज्याच्यासाठी मागणं, त्यानंच प्यायचं, आणि थेंब टाकायचा नाही. तर ही म्हणते, "सेंगला, आज उपास ना गं?" मी म्हटलं, "हे काय खाणं आहे? त्यातलं सत्त्व राखणदारानं घेतलं, मागं उरला तो आशीर्वाद. आशीर्वादानं कुणाचा उपास मोडत नाही." प्यायली बिचारी, उभ्या उभ्या, शेवटच्या घोटापर्यंत. कसं लागलं विचारलं, तर हसून म्हणाली, गोड, फार गो—

लाल सरबतात साखर कसली घालतात गं?

नको, डोळे नको मिटूस. मला कळलं.

ताडाची कुठली घालतात ते. उसाचीच असणार. आणि तिला कळलं होतं, तिथंच, डॉक्टरांनी ऊस म्हटल्याबरोबर. म्हणून बघितलं माझ्याकडं. चारचौघांत माझं नाव घेतलं नाही, आणि मी तिला… शी. मघापासून कुणाची किळस करत बसलेय मी.

किती वाजले? दहाला पाच कमी. नर्सला हाक मारून ती येईपर्यंत गाडी जायची. या सुईच्या खांबाला चाकं आहेत, घेऊनच जाते. डॉक्टर पिमजाई वाटेतच भेटतील, त्यांनाही सांगते. पुन्हा आठवडाभर पथ्य करा म्हणतील, करू. पुन्हा थुंका म्हणतील, थुंकू दोघी शेजारी बसून. तो फ्रीजही मी पुसून काढेन. सरक जरा—नाही, तू नको सरकूस, मीच सरकते. ती उठली बघ, बोचकं उचललं तिनं. तू वर छताकडं बघ पोरी, आणि श्वास सोडत राहा.