सोमवारचे शिक्के

— बरोबर आहे तुमचं, मॅडम. सोमवारी लायब्ररी बंदच असते. बाहेर पाटीवर लिहिलंय, दारावर लिहिलंय, कार्डाच्या मागे छापलंय — आणि तिन्ही ठिकाणचा मजकूर माझाच आहे. त्यामुळे सोमवारी हे पुस्तक गेलं कसं, हा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. बसा ना. ती नको, तिचा पाय डुगडुगतो, ही घ्या. एकोणतीस वर्षं या कुमार विभागाचा ग्रंथपाल आहे मी, आणि तुमच्या पुरस्कार समितीकडून येऊन पट्टीवरच्या तारखा वाचणाऱ्या तुम्ही पहिल्याच. बाकीचे नुसते शिक्के मोजतात. तुम्ही कॅलेंडर काढून वारसुद्धा ताडून बघितलेत! समितीत नवीन आहात का? — वाटलंच.

लिहून घ्या तुम्ही, माझी काही हरकत नाही. नियम तुमचाच आहे, पण मला समजला तसा सांगतो, म्हणजे गडबड कुठे झाली ते नीट लिहिता येईल. कुमार साहित्य पुरस्कार — तेरा ते सतरा वयाच्या मुलांसाठी लिहिलेलं वर्षातलं सर्वोत्तम पुस्तक. अंतिम फेरीत पाच पुस्तकं. निम्मे गुण परीक्षक देणार आणि निम्मे गुण ही पट्टी देणार — शेवटच्या पानाला चिकटवलेली असते ती. पुस्तक कुणी घरी नेलं की त्या दिवसाचा शिक्का. जितके शिक्के, तितकी मुलांची पसंती. पूर्वी सगळे गुण परीक्षकच द्यायचे, पण एका वर्षी एका परीक्षकांनी भाषणात नायकाच्या धाडसाचं दहा मिनिटं कौतुक केलं आणि पुस्तकात सगळ्या मुलीच होत्या. तेव्हा समिती म्हणाली, वाचणाऱ्यांनाच विचारू. विचार चांगलाच होता. विचारायचं कसं, तिथे मात्र पट्टी आली.

आता ही बघा — पहिला नंबर कसा मिळवावा, त्याची गोष्ट. एकतीस शिक्के! यंदाचा विक्रम. उघडा ना, उघडा, सोळाव्या पानावर या. पान उलटत नाहीये? उलटणार नाहीच. छापखान्यात कापायची राहिलेली कड आहे, सोळा आणि सतरा अजून एकमेकांना जोडलेलीच आहेत. एकतीस वेळा घरी जाऊन आलं हे पुस्तक आणि एकाही मुलाला ते पान फाडून पुढे जावंसं वाटलं नाही. नेतात कोण? आया नेतात. काउंटरवर मुलाच्या कार्डावर आई पुस्तक घेते आणि मुलगा मागे उभा राहून छताकडे बघतो. पण शिक्का काय आईचा वेगळा आणि मुलाचा वेगळा असतो? मी एकतीस वेळा मारला. सगळे खरे आहेत. त्यात तुम्हाला एकही सोमवार सापडायचा नाही.

आणि हे आपलं निळं. ‘आमच्या घरात कुणी बोलत नाही.’ एवढ्या मोठ्या अक्षरांत आणि तेही पुठ्ठ्यावर. लेखिकेचं हे पहिलंच पुस्तक — नाही, माझी कुणी नाही, मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही, हे पण लिहा. नऊ शिक्के, त्यातले सात सोमवारचे. मला सांगा, पंधरा वर्षांच्या पोराने असलं नाव असलेलं पुस्तक घरी नेऊन ठेवायचं कुठे? टेबलावर? आई विचारणार, हे काय. बाप विचारणार — किंवा विचारणार नाही, ते आणखीच वाईट. म्हणून कुणी नेत नाही. इथेच वाचतात. तो बाक दिसतो ना, मागे खिडकीखाली, कपाटाच्या आडोशाला? तिथे. तीस-चाळीस पानं वाचायची आणि उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून दडवून जायचं. मला आधी कळेचना, रोज हे पुस्तक आपल्या जागेवरून जातं कुठे! एकदा नकाशांच्या मागे सापडलं, एकदा शब्दकोशाच्या तिसऱ्या खंडाच्या पोटात, एकदा बागकामाच्या पुस्तकांत. ग्रंथपालाचं डोकं फिरतं असल्या प्रकाराने. आठवडाभर मी उचलून उचलून जागेवर ठेवत होतो — मग एका संध्याकाळी एक मुलगी बागकामासमोर उभी राहून एकेक पुस्तक हलवून बघत होती, आणि तिचं तोंड इतकं उतरलं होतं... त्या दिवसापासून मी हात लावणं सोडलं. नकाशांमागे तर नकाशांमागे. नुसती नोंद ठेवतो, या वहीत. बघा. अकरा जण. नावं लिहिलेली नाहीत, मुलांना आवडणार नाही ते. ‘दप्तराला पिवळी दोरी, दोन दिवसांत संपवलं.’ ‘उंच मुलगा, पान नव्वदला थांबला, चार दिवसांनी परत आला.’ ‘नखं खाणारी, दोनदा वाचलं.’ तुमच्या फॉर्मात याला रकाना आहे का? नाही ना. मीही शोधला.

म्हणून मारले. हो, मीच. खोटे शिक्के आहेत ते, मी कुठे नाही म्हणतोय?

आता सोमवारीच का, ते सांगतो, कारण त्यावरच तुम्ही मला पकडलंत आणि ज्याला शिक्का मारता येतो त्याला तारीख बदलता येत नाही का, असं तुम्हाला वाटत असणार. येते की! हा बघा शिक्का. हे रबरी पट्टे अंगठ्याने फिरवायचे — दिवस, महिना, वर्ष. रोज सकाळी आल्याबरोबर मी पहिलं काम हेच करतो, दिवा लावायच्याही आधी. तर एका संध्याकाळी ठरवलं, मागच्या शनिवारची तारीख लावायची. आमचा शिपाई — त्याला सगळे रेडिओ म्हणतात, त्याच्या कानावर एक गोष्ट घातली की इमारतभर होते — तो चहा आणायला गेला होता. पट्टा मागे फिरवायला अंगठा लावला आणि फिरवेना. नुसता फिरवेना. एकोणतीस वर्षांत हा पट्टा पुढेच गेलाय, मॅडम. पुस्तक गेलं नसताना गेलं म्हणायला मी तयार होतो, पण शनिवार नसताना शनिवार म्हणायचा? ते काही जमेना. मग काय करायचं? ज्या दिवसाचा शिक्का, त्या दिवशीच मारायचा. पण रोज रेडिओ असतो, मुलं असतात. एकटा असा मी सोमवारीच. किल्ली माझ्याकडेच असते. घरी म्हणालो, साफसफाई आहे — म्हणजे म्हणणार होतो, कुणी विचारलंच नाही. आलो, सोमवारची तारीख लावली, एक शिक्का मारला, कुलूप लावून गेलो. एकाच दिवशी सगळे का नाही मारले? असं कसं, एक पुस्तक एका दिवसात एकदाच जातं ना! सात सोमवार आलो. दोनदा तर ताप होता.

हसू नका. म्हणजे हसा, पण लिहू नका.

राहिले दोन. हे दोन खरे आहेत. हा पहिला पिवळ्या दोरीवाल्याचा — त्याने इथे संपवलं आणि मग वर्तमानपत्राचं कव्हर घालून घरीही नेलं, हुशार मुलगा. आणि हा दुसरा, शनिवारचा... तो आहे खरा. त्याचं काय एवढं? आहे एका मुलीचा. कार्ड तिचं, सही तिची. आडनाव? — वाचलंत तुम्ही. रजिस्टरपण बघितलंत म्हणजे. समितीने तुम्हाला उगाच नाही पाठवलं.

मुलगी आहे माझी. पंधरा पूर्ण झाली. शाळा सुटली की साडेचारला इथे येते, त्या बाकावर गणितं सोडवते आणि सहाला आम्ही दोघं चालत घरी जातो, पंचवीस मिनिटांचा रस्ता आहे. गणितं सोडवते, असं मला वाटायचं. वहीत दहावी नोंद केली ना मी, ‘वेणी, डाव्या हाताने पान उलटते’ — ती लिहून झाल्यावर मला कळलं की ही आपलीच. तुम्हाला विचित्र वाटेल, पण मान खाली घातलेलं मूल पाठीमागून कुणाचंही वाटतं.

मग मीही वाचलं. दोन तासांत झालं, तिथेच, त्याच बाकावर बसून. त्यातला बाप दुकानदार आहे. दिवसभर गिऱ्हाइकांशी गोड गोड बोलतो — काय हवं, कसं हवं, आईची तब्येत काय म्हणते — आणि घरी आला की तोंडाला कुलूप. वाईट नाही माणूस. दारू नाही, मारझोड नाही. भांडणसुद्धा नाही त्या घरात. भांडणाला बोलावं लागतं. नुसता भाजीचा वाडगा पुढे सरकवायचा, दिवा मालवायचा, बस्स. मला पुस्तक जरा अतिशयोक्त वाटलं. असं कुठे असतं? — तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे. मी इथे दिवसभर बोलत असतो, बघताय ना, तुम्ही आल्यापासून मी थांबलोय का? कुठलं पुस्तक कुणी वाचावं, कुणाला कोणतं आवडेल, लोक लांबून येतात माझ्याशी बोलायला. बायको म्हणते, तुमचं सगळं बोलणं लायब्ररीतच संपतं. म्हणजे पूर्वी म्हणायची.

तर शनिवार. मुलीने काउंटरवर येऊन, रांगेत उभी राहून, हे पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. मी शिक्का मारला. रस्त्यात ती काही बोलली नाही, मीही नाही. आणि रात्री जेवायला बसलो तर पुस्तक टेबलावर. पालथं नाही हं, उताणं. कव्हर घातलं नव्हतं. माझ्या ताटाच्या जागेवर, नाव माझ्याकडे करून ठेवलेलं. ‘आमच्या घरात कुणी बोलत नाही.’ बायको एकदा पुस्तकाकडे बघतेय, एकदा माझ्याकडे, मुलगी पाण्याचा पेला धरून बसलीय. आणि मी काय केलं? सांगू? मी ते उचललं, कोपरे दुमडणार नाहीत असं नीट बाजूला ठेवलं, आणि जेवलो.

आठ दिवस होतं ते तिथे. रोज माझ्या जागेवर. रोज मी बाजूला ठेवायचो. नवव्या दिवशी ती पुन्हा रांगेत उभी राहिली, परत केलं, मी पाहिलं — पानं ठीक, डाग नाही — आणि म्हणालो, “पुढचा.” तेव्हा ती एवढंच बोलली, “बाबा, याला मिळेल का पुरस्कार?” कितीतरी दिवसांनी तिने मला काही विचारलं होतं. सरळ उत्तर आलं असतं कुणालाही. मी म्हटलं, “ते शिक्क्यांवर असतं.” त्यापुढचा सोमवार बघा कोणता. हो. तोच पहिला.

म्हणजे उत्तरच देत होतो मी. तुम्हाला हे समितीपुढे सांगता येणार नाही, मला कळतं. बापाला पोरीशी चार शब्द बोलता येईनात म्हणून त्याने सरकारी शिक्का वापरला, असं कसं लिहिणार! पुस्तकाला मिळाला असता, नाव पेपरात आलं असतं, मी पेपर तिच्यापुढे सरकवला असता... बघा, म्हणजे तरीही सरकवलाच असता. बोललो नसतो.

खोडा तुम्ही. सातही खोडा. हे पेन घ्या, लाल आहे. दोन राहतात, दोनावर काही मिळणार नाही, आणि वर्षात दहा शिक्के नाहीत म्हणून मार्चमध्ये हे पुस्तक आमच्याच नियमाने बाद होऊन गठ्ठ्यात जाईल. तो गठ्ठाही मीच बांधणार. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण ही वही तेवढी सोबत न्या आणि कुणाला तरी दाखवा. अकरा मुलांनी लपवून वाचलं, हेही काहीतरी मोजायला हवं ना कुणी? एक नोंद तेवढी फाडून ठेवू का? दहावी, म्हणजे वेणीवाली. तिला कळलं की मी बघत होतो, तर... नको, राहू दे. बघत होतो, हे कळलं तर कळू दे.

थांबा. तुम्ही मागे काय बघताय?

कधीची उभी आहेस गं? साडेचार वाजले? — नाही, पण कधीपासून? वहीच्या आधीपासून?

... मॅडम, ते निळं पुस्तक इथेच ठेवा. उद्या घेऊन जा, मी कुठे पळून जात नाही. वही न्या. लायब्ररी बंद झाली. हो, पाटीवर सहा आहे, मीच लिहिलंय, तरी झाली. तू बस इथे. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय... ये, इकडे बस. मॅडम, जाताना दार ओढून घ्या. आम्हाला जरा बोलायचंय.