कपाटामागचे साहेब

हॅलो?… कोण?… अगं, तू होय! बोल, बोल. नाही, झोपलो नव्हतो. चहा टाकत होतो. हात अजून दोन कपांचंच पाणी घेतो बघ…

तुझ्या बाईंचं चित्र पोचलं ना संग्रहालयात?… काय सापडलं?… कपाटाच्या रंगाखाली?

हं.

साहेबी कोट, धडावर डोक्याच्या जागी किटली… हो, समुद्रावर खुर्ची टाकून बसलेला. माहीत आहे मला. ते कपाट मीच रंगवलंय.

अगं, चेष्टा कसली! तुझ्या बाईंचा हात इतका ओबडधोबड होता का? त्यांची विद्यार्थिनी ना तू? दाराचा रंग आहे तो. मी दारं-खिडक्या रंगवणारा माणूस… कपाटाबद्दल काय छापलंय माहितीपत्रकात?… "बाईंचं सर्वांत धाडसी प्रतीक"? अगं, हसवू नकोस, खोकला येतो.

ऐक ना. तेव्हा प्रदर्शनाआधी सरकारी साहेब यायचे चित्रं तपासायला. त्यांचा शिक्का असेल तरच भिंतीवर. तिच्या गटातल्या दोघा चित्रकारांना पोलिसांनी उचललं होतं. आमची मुलगी दीड वर्षाची. बायको तिला घेऊन दवाखान्यात गेली आणि मी रंगाचा डबा उघडला… नाही विचारलं. नाहीच म्हणाली असती.

हो, मिळाला ना शिक्का! साहेब म्हणाले, "कपाट फार छान जमलंय."

अकरा दिवस बोलली नाही माझ्याशी. ताट वाढायची, पण आदळून. बाराव्या दिवशी बघतो तर चित्रातल्या कपाटाला मूठ. पितळेची, चकचकीत… हो, हो, ती मात्र तिचीच.

म्हणजे कपाट काढलं की मूठही जाणार?… वाचणारच नाही?… मग नको. हात लावू नका. अगं, तिनं मला माफ केलं त्याची तेवढीच खूण आहे… तोंडानं? छे, कधीच नाही बोलली.

काय म्हणालीस?… हो, घरी आल्याबरोबर तिला पुसता आलं असतं. ओला होता रंग, सहज निघाला असता. पण तिनं मूठ रंगवली…

थांब जरा.

अगं, मूठ दार उघडायलाच असते ना? आणि मी बावळट, चाळीस वर्षं नुसती तिच्यावरची धूळ पुसत बसलो.

काढा ते कपाट… नाही, तू नको, मी येतो. रंग पुसायचा कापूस कसा धरायचा तेवढं दाखव.

आणि ते छापलेलं आहे ना, त्यात दुरुस्ती टाक. लिही, कपाट त्यांच्या नवऱ्यानं घाबरून रंगवलं… हो, घाबरून. तो शब्द गाळायचा नाही हं. ठेवतो.