शिक्क्यावरचा नंबर

– हात कसा आहे आता, असं विचारलं त्यांनी? शाळेच्या मोठ्या बाईंनी? भर रस्त्यात? अगं बाई! मग तुम्ही काय केलंत, भाऊजी? नुसता हात पुढे करून दाखवलात? – बसा हो, उभे काय राहिलात परक्यासारखे. त्या स्टुलावर बसा. गिऱ्हाइकांचं आहे, पण चालेल. आणि ती पिशवी काउंटरवर नको, खाली ठेवा. काय आहे तिच्यात ते दिसतंय मला, पट्टा बाहेर लोंबतोय. ह्यांच्या कॅमेऱ्याचा पट्टा मी ओळखणार नाही होय? दोनदा शिवलाय मी तो.

हो, मीच सांगितलं बाईंना. हात थरथरतो म्हटलं. हळहळल्या बिचाऱ्या – एवढ्या तरुण वयात? मी म्हटलं, नशीब एकेकाचं. आणि एकट्या बाईंनाच सांगितलंय असं वाटतंय का तुम्हाला? हॉलवाल्याला सांगितलं, बँकेच्या मॅनेजरला सांगितलं, मुलीच्या दर वाढदिवसाला फोटो काढून घेणाऱ्या त्या डॉक्टरीणबाईंना सांगितलं. पण मी कुणाच्या दारात गेले नाही हं चुगली करायला. लोकच फोन करतात. धाकटे साहेब आहेत का म्हणून विचारतात, मग मला उत्तर नको द्यायला?

आठवतंय ना? हे जाऊन महिना झाला नव्हता, आणि तुम्ही टेम्पो घेऊन दारात. कॅमेरे नेले, दिवे नेले, दिव्यांवरच्या छत्र्या नेल्या, तो धबधब्याचा पडदा नेला – आरशापुढचा कंगवासुद्धा नेलात, भाऊजी! दात पडलेला! मी ह्याच खुर्चीत बसले होते, माझ्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं, आणि तुम्ही टेम्पोवाल्याला सांगत होता – जपून रे, काच आहे. मी म्हटलं, आता मी काय करू? तर काय म्हणालात? वहिनी, गिऱ्हाईक फोटो काढणाऱ्याच्या हाताकडे येतं, पावत्या फाडणाऱ्याकडे नाही, तुम्ही घर सांभाळा. आणि जाता जाता ह्या फोनकडे बोट – हे डबडं राहू दे तुम्हाला.

राहू दिलं मग. डबडं! अहो, उभा जन्म धंद्यात काढलात आणि एक फोटो कधी उलटा करून बघितला नाहीत? पाठीवर शिक्का कोण मारत होतं? मी. शिक्क्यावर नंबर कुठला? ह्या डबड्याचा. घरात पुन्हा फोटोची वेळ आली की माणूस काय करतो? भिंतीवरचा जुना फोटो खिळ्यावरून काढतो, पाठ पुसतो, नंबर लावतो. तुम्ही तिकडे काचेचं दार बसवलंत, एसी बसवलात, बोर्डाला दिवे सोडलेत – आणि फोन वाजतोय इथे! छान गार असतं म्हणे आत तुमच्या. माश्यासुद्धा मारायला मिळत नसतील.

ऐकू येतोय ना आतला खुळखुळा? बाळाचा फोटो चाललाय. पगारी बाई ठेवलीय फोटो काढायला. चांगली आहे. तुमच्याइतकी नाही – नाही, खरं ते खरं, तुमच्या हातात कला होती. म्हणून तर मी हातच निवडला.

थांबा, वाजला. – हॅलो? हो, स्टुडिओच. कोण, धाकटे साहेब? नाही हो, त्यांनी फोटो काढणं सोडलं. हो, हाताचंच. काय करणार! आमच्या नव्या बाई आहेत ना, उद्या सकाळी या. आणि मुलांना काळे कपडे नका घालू, मागचा पडदा काळा आहे. – बघितलंत? असं करते मी. आज तुमच्या तोंडावर केलं.

काय? दुकान बंद करताय? आणि पुन्हा एकत्र? इथे? – मला आनंद झालाय, भाऊजी, लपवत नाही. पोटभर जेवल्यासारखं वाटतंय. रोज शटर वर करताना तुमचं शटर खाली यायची वाट बघितलीय मी. पाया काय पडता, उठा! माफी नको मला. त्या दिवशी एकदा विचारलं असतंत ना – वहिनी, जेवलात का? – तर अर्धं सामान मीच टेम्पोत चढवून दिलं असतं. आता नाही. आता एका पडद्याला हात लावू देणार नाही, आणि नंबर तर मेले तरी –

वाजतोय. – हॅलो? हो, बोला. कोण? अरे वा, किती वर्षांनी! तुमचा रांगतानाचा फोटो आमच्याकडचाच ना? आणि आता तुमच्या मुलाचा? बघता बघता! – मोठे साहेब? नाही, ते... आत्ता स्टुडिओत नाहीत. बाहेरगावी ऑर्डरवर गेलेत. हो, लांबची आहे. कधी येतील ते... नक्की नाही हो सांगता यायचं. पण आले की सांगते. तुमची आठवण सांगते. हो. ठेवते.

– काय बघताय असे? दर वेळी हेच सांगते मी. त्यात तुमचं काय गेलं? ... हात नका लावू मला. उठा. निघा आता, गिऱ्हाइकं यायची वेळ झाली.

पिशवी राहू दे. काढा तो कॅमेरा बाहेर, ठेवा इथे काउंटरवर. ह्यांना लागेल.

दार ओढून घ्या.