शिष्टमंडळ आन् माणिकअण्णा

मंडळी, बसा सगळे. कौसाबाई, तू भिंतीला टेकून बस, पाठ भरून येईल. पोखर्णीचे पाव्हणे आलेत, अण्णाची जिंतूरची लेक आलीय, अण्णाला निरोप द्यायला सारं गाव आलंय. अन् बोलायला उभं केलंय मला. उभं म्हंजी खुर्चीवर बसवलंय. मी दुसरीतून शाळा सोडलेली बाई. सरपंच बोलल्यावर मागून मी काय बोलू? अन् खरं सांगू का, दुखवट्याच्या सतरंजीवर बसून बसून थकलेय मी. एक माणूस गेलं की आपण जमतो, पुना दुसरं जातं, पुना जमतो. जीव विटून गेलाय.

तरी कौसाबाई, तुजा धनी गेलाय, पण एका गोष्टीचा राग मानू नको. आज मला रडू येत न्हाई. घरात पणती झालीय. मुठी आवळून झोपती, नाक माज्यावर गेलंय, सून म्हणती न्हाई गेलं, पण गेलंय. त्या पणतीचा बाप आमचा नातू विलास. अन् विलासची गोष्ट सांगायची तर तोंडावर हसू येतं, त्याला मी काय करू?

तुमाला ठाव हाय, विलास सुदानला होता. आफ्रिकेत. फरशीच्या कारखान्यात वेल्डिंगच्या कामाला. अन् तिथं लढाई पेटली. दुसऱ्या देशाशी न्हवं. त्यांचीच फौज अन् त्यांचीच दुसरी फौज. दोन सरदार, एका राज्यावर दोघांचा डोळा. शहरातच तोफा. विलासचा फोन लागायचा न्हाई. माजी सून जेवायची न्हाई, मी जेवायची अन् मग मलाच लाज वाटायची.

माणिकअण्णाची गिरणी सगळ्यांनी बघितलीय. बातम्याचा टाइम झाला की गिरणी बंद. बाया डबे घेऊन खोळंबलेल्या, कुणाच्या घरी चूल पेटलेली, अन् हा पट्टा काढून रेडिओला कान लावून बसायचा. अंगभर पीठ. आमी म्हणायचो, अण्णा, देशाचा कारभार तुमच्यावाचून अडलाय का? तर म्हणायचा, माजा अडतोय. मी रोज जायची. दळण असो नसो. कधी मूठभर डाळ घेऊन जायची, कारण पायजे म्हणून.

एक दिवस म्हणाला, वैनी, चांगली बातमी हाय, शेजारच्या देशांचं शिष्टमंडळ जायलंय. शिष्ट म्हंजी काय आपल्याकडं? नाक वर करून चालणारी, कुणाच्या घरचा चहा न पिणारी. म्हटलं, अशी माणसं पाठवून लढाई मिटती होय? गिरणीतल्या बाया पोटं धरून हसल्या. अण्णा हसला न्हाई. म्हणाला, वैनी, शानी माणसं निवडून पाठवतात त्याला शिष्टमंडळ म्हणतात. मी म्हटलं, मग शानीमंडळ म्हणा की.

मग त्यानं पिठाच्या फळीवर बोटानं चित्र काढलं. हा सुदान. हे बांधाला बांध लागून असलेले देश. त्यांचा एक संघ हाय. आपली भावकी कशी, तसा. एकाच्या घरात दोन भाऊ कुऱ्हाडी घेऊन उठले तर भावकी बसती ना? का बसती? आग त्यांच्याबी गंजीला लागणार म्हणून. पळून आलेली माणसं त्यांच्याच दारात येणार म्हणून. म्हणाला, लांबचा मोठा देश दम देईल अन् इसरून जाईल. बांधावरच्याला इसरता येत न्हाई.

अन् मग काय काय झालं. भावकीनं निरोप धाडले. एक सरदार म्हणाला, तुमच्यातला एक जण त्या दुसऱ्याच्या बाजूचा हाय, त्यो पुढारी असंल तर मी येत न्हाई. अगदी आपल्यासारखं. तारीख धरायची, मोडायची. दोघं कबूल व्हायचे अन् सांजच्याला पुना तोफा. मी अण्णाला म्हटलं, खरे शिष्ट तर हे दोघं निघाले. त्या दिवशी मात्र अण्णा हसला.

पण अगदी सुरवातीलाच त्या निरोपांनी अन् बाकीच्या देशांनी लावलेल्या जोरानं थोडी थोडी शांतता व्हायची. काही तासांची, काही दिवसांची. तेवढ्या फटीतून आपल्या सरकारनं आपली माणसं काढली. बसनं बंदरावर, तिथून जहाज, तिथून इमान. विलास चुडाव्याच्या स्टेशनावर उतरला तवा त्याच्या पायात दोन येगळ्या चपला होत्या. मी आधी चपलाच बघितल्या. मग तोंड बघायची हिंमत झाली.

झालं. आमचं काम झालं. मी गिरणीत जायची ती दळणापुरती. पण अण्णाचा पट्टा त्याच टाइमाला निघायचा. साल गेलं, लढाई चालूच. पेपरात बातमी येईना, रेडिओवरबी कधीमधी एक ओळ. अण्णा त्या एका ओळीसाठी बसायचा. मी एकदा म्हटलं, अण्णा, विलास आला की आता. पेढे खाल्ले की तुमी.

तो पीठ झाडत म्हणाला, "वैनी, तुमचा आला. तिथल्या म्हातारीचा नातू कुठं येणार? त्यो तिथलाच हाय."

मी डबा उचलला अन् घरी आले.

परवा अण्णाला दवाखान्यातून घरी आणलं तवा मी खिचडी घेऊन गेले. खाल्ली न्हाई. आवाज बसला होता. इचारलं काय, तर भावकी पुना बसली का. मी विलासकडून मोबाईलवर बघून घेतलं होतं, म्हणून सांगितलं, अण्णा, सरकारी फौजेचा सरदार तर त्या संघातून उठूनच गेला होता म्हणतात, अजून धड कुणी बसलं न्हाई.

अण्णानं डोळे उघडले. म्हणाला, "त्याच्या मागं कोण गेलं?"

मंडळी, आपल्या बैठकीतून माणूस रागानं उठून गेला की एक जण त्याच्या मागं जातो का न्हाई? टोपी इसरली म्हणून टोपी घेऊन जातो, न्हाईतर उगंच तंबाखू मागायला जातो, अन् बोलत बोलत माघारी घेऊन येतो. या गावात त्यो एक जण कोण होता? शिंद्यांच्या वाटणीत कोण गेलतं? माजा धाकटा दीर ताटावरून उठला तवा कोण गेलतं? अंगाला पीठ तसंच, अनवाणी.

सुदानात कोण गेलं मला ठाव न्हाई. जायला पायजे होतं कुणीतरी. जायला पायजे अजून. मी म्हातारी इथून काय करणार? घरात पणती हसायलीय अन् तिथं कुणाची पणती कुठं निजली आसंल, हे अण्णानं माज्या मागं लावून दिलं. सुखानं हसूबी देत न्हाई माणूस.

आता दोन मिनिटं उभं ऱ्हाऊ. अण्णासाठी, अन् त्यो ज्यांच्यासाठी कान लावून बसायचा त्यांच्यासाठीबी. विलास, इकडं ये, हात दे मला. गुडघे दुखले तर दुखू दे. मी बसून ऱ्हायची न्हाई.

अण्णा, रामराम घ्या.