बेलबॉटमच्या पाचरी

घानातल्या कुमासीच्या दवाखान्यात माझ्यामागे एक म्हातारं जोडपं रांगेत बसलं होतं.

"सेर्वा, तरुणपणी मी साधी पँट उसवून, खाली कापडाच्या तिकोनी पाचरी जोडून घरीच बेलबॉटम शिवली होती. आठवतं?"

"आठवतं की. तुम्ही चाललात की निम्मा रस्ता झाडून निघायचा."

"त्या रुबाबावरच तर भाळलीस."

"छे. मी पाचरी ओळखल्या. आमच्या दोरीवरून गेलेलं, आईचं मयतीला नेसायचं लाल कापड होतं ते."

"मग बोलली का नाहीस?"

"आईला बोलले. ती म्हणाली, आरडाओरडा नको, त्या पोराशी लग्न कर, कापड आपोआप घरी येईल."

"म्हणून लग्नानंतर माझी पँट सापडेना होय."

"आईने पाचरी काढून घेतल्या."

"आणि माझं काय?"

"तुमचं काय करायचं, ते तिने सांगितलंच नव्हतं."