तीन पिढ्यांची सवलत

थीम पार्कच्या बुकिंगच्या रांगेत उभ्या असलेल्या शाळामास्तरांच्या पुढे दोघे भाऊ हुज्जत घालत होते. त्यांची आई शेजारच्या बाकावर बसली होती. आजी-आजोबांपैकी एक जण सोबत असेल, तर सगळ्या कुटुंबाला तिकीट निम्म्यात होतं.

"दादा, आईला आम्ही नेणार. तू पुढच्या महिन्यात ने."

"पुढच्या महिन्यात सवलत संपते. मोठा शहाणा! तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला फोन बंद करून बसला होतास."

"तेव्हा तुझी पाळी होती."

"मग आताही माझीच!"

"अरे, तिला चालवतं तरी का? पाळण्यात बसणार आहे ती?"

"बसायचं कशाला? फाटकावर दाखवली की झालं. मग सावलीत पिशव्या सांभाळेल."

"आमच्या पिशव्या काय उघड्यावर पडल्यात?"

आई मास्तरांकडे वळून म्हणाली, "बघा ना, दोघांनाही मीच हवी."

मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

आई मुलांकडे वळली. "भांडू नका रे. शनिवारी याच्याबरोबर जाते, रविवारी त्याच्याबरोबर. फक्त सोमवारपासून कुणाकडे राहू, तेवढं ठरवा."

"दादा, तू बोल ना."

"छे, छे. आधी तू."