स्वस्तातल्या फोनची नजर

(नारिन शहराच्या वरच्या डोंगरातलं उन्हाळी कुरण. तिथली एक टेकडी, जिथे फोनला रेंज मिळते. दुपार. मेंढपाळ एसेनबाय आणि त्याची बायको कलीपा दगडांवर बसलेत. नवा फोन तिसऱ्या दगडाला टेकवून उभा केलाय.)

कलीपा : ते काही नाही. उद्या दहावा दिवस. दुकानदार म्हणाला होता ना, दहा दिवसांत आणलात तर परत घेईन? मग सकाळी घोड्यावर बसा आणि देऊन या.

एसेनबाय : अगं, पण कारण काय सांगू त्याला?

कलीपा : कारणांना काय तोटा? पहाटे गारठा पडला की मान टाकतो. उन्हात धरला की नुसता काळा ठिक्कर, आपलंच तोंड दिसतं त्यात. आवाज बादलीत डोकं घालून बोलल्यासारखा. आणि माझं बोट ह्याला कळतच नाही. सकाळपासून दहा वेळा दाबलं, ढिम्म हलला नाही मेला.

एसेनबाय : पन्नास वर्षं घोड्यांचं दूध काढून बोटांचं चामडं झालंय तुझ्या. ह्याला वाटतं, कुणी चाबकाची मूठ घासतंय. मी नाकाने दाबतो. लगेच ऐकतो.

कलीपा : तेच तर! अख्खं कुरण हसतं. शेजारच्या जुमाशच्या सुनेने विचारलं मला, बाइके म्हणते ना ती तुम्हाला, बाइके सारखा फोनचा वास का घेतात म्हणून.

एसेनबाय : हसू दे तिला. तू ह्याचे गुणही बघ ना. परवा घोड्यावरून पडला, दगडावर आपटला, आणि काय झालं? जरा खरचटलं. तू पडली असतीस तर महिनाभर कण्हली असतीस. गारा येणार म्हणून आदल्या दिवशी सांगितलं ह्याने, आल्या की नाही?

कलीपा : तुमच्या गुडघ्याने पण सांगितलं होतं.

एसेनबाय : गुडघ्याने वेळ नव्हती सांगितली. ह्याने सांगितलं, दुपारी तीन. तीनच्या आधी मी मेंढरं खालच्या घळीत नेली, म्हणून वाचली. आणि सगळ्यांत मोठा गुण तू मुद्दाम बोलतच नाहीस.

कलीपा : कुठला?

एसेनबाय : कुठला म्हणे! कुठे इर्कुत्स्क आणि कुठे आपण. मधे किती डोंगर, किती नद्या, मला तर मोजतासुद्धा यायच्या नाहीत. आणि आपली लेक गुलझान ह्या एवढ्याशा काचेत येऊन बसते. लहानपणी गाईने मारलं होतं ना, ती कपाळावरची खूण दिसते गं! तिच्या मागे खिडकीत पाऊस पडत असतो आणि इथे माझ्या पाठीवर ऊन. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी काचेमागे हात घालून बघितला, शपथ. माझा आजा बहिणीला भेटायला बावीस दिवस घोडा मारत गेला होता. तो आज असता तर ह्याच्यापुढे टोपी काढून बसला असता.

कलीपा : नव्याचे नऊ दिवस.

एसेनबाय : विषय बदलू नकोस. पोरगी ‘अपा, अपा’ करत फोन करते आणि तू, तिची आई, डोक्याचा रुमाल तोंडावर ओढतेस. तिने बाळ पुढे धरलं की उठून चालू लागतेस. तीनदा झालं. काल काय म्हणाली ती, ऐकलंस?

कलीपा : ऐकलं. बहिरी नाही मी.

एसेनबाय : म्हणाली, ‘अके, बुर्यात नवऱ्याचं पोर अपाला बघवत नसेल तर तसं सांगा. उद्या एकदा शेवटचा फोन करते, मग नाही त्रास देणार.’ रडत होती. न विचारता परक्या जमातीत लग्न केलं, ते आपण गिळलं ना? मग त्या नातवाने काय पाप केलंय?

कलीपा : जीभ आवरा! बाप बुर्यात असो नाहीतर चंद्रावरचा असो. माझा नातू आहे तो.

एसेनबाय : मग बघ की त्याच्याकडे!

कलीपा : आज सत्ताविसावा दिवस आहे त्याचा.

एसेनबाय : चाळीस दिवस बाळ दाखवायचं नसतं, ठाऊक आहे मला. पण ते परक्यांना. तू आजी आहेस.

कलीपा : माझी नजर परक्यांपेक्षा वाईट आहे. तुम्हाला माहीत नाही? जुमाशच्या शिंगराला छान म्हटलं, तिसऱ्या दिवशी त्याचा पाय मोडला. मी येताना दिसले की बायका दुधाच्या बादल्यांवर फडकी टाकतात.

एसेनबाय : थट्टा करतात गं.

कलीपा : आणि आपला पहिला, तेमिर, गेला, ती पण थट्टाच होती?

एसेनबाय : तेमिरचं काय मधेच? त्याला ताप आला. त्या वर्षी तीन तंबूंतली पोरं गेली.

कलीपा : त्याचा एकोणिसावा दिवस होता. तुम्ही मेंढरांकडे गेला होतात. मी त्याला दारात उजेडात नेलं. त्याच्या तोंडावर ऊन पडलं आणि मी मोठ्याने म्हटलं, किती देखणं गं माझं कोकरू. नजर लागू नये म्हणून थुंकले नाही, काही नाही. तशीच बघत राहिले, पोट भरेपर्यंत. त्याच संध्याकाळी अंग तापलं त्याचं.

एसेनबाय : म्हातारे...

कलीपा : एकोणपन्नास वर्षं झाली. गुलझानच्या वेळी चाळीस दिवस मी तिला अंधारात पाजलं. तोंड पाहिलं नाही तिचं.

एसेनबाय : मला वाटायचं, तुझे डोळे दुखतात म्हणून दारावर कांबळं टाकलंयस. मला का नाही सांगितलंस?

कलीपा : सांगून तो परत येणार होता? आणि गुलझानला तेमिरचं काही बोलू नका. अंगावर पाजणारी पोर आहे. धसका घेईल, दूध आटेल तिचं.

एसेनबाय : नाही बोलत. पण तू माझं ऐक. नजर माणसाची माणसाला लागते. ही तर काच आहे. आणि काच तरी कसली! एका मेंढीच्या पैशात आलेली, बाजारातली सगळ्यांत स्वस्त. पुढचा कॅमेरा इतका भिकार की काल पोरीने मला विचारलं, अके, शेळी आली का मधे? मीच होतो तो! चित्र अडकतं, नाक एकीकडे, तोंड दुसरीकडे. असल्या फोनातून कुठली नजर पोचते? पहिल्या खिंडीतच दमून बसेल.

कलीपा : आता भिकार झाला होय? मघाशी तर कपाळावरची खूण दिसत होती.

एसेनबाय : ते... ऊन चांगलं होतं तेव्हा.

कलीपा : पाठीवर होतं ना ऊन? तिच्याकडे तर पाऊस होता.

एसेनबाय : तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही.

कलीपा : मला फसवू नका हो. मीही पाहिलंय, रुमालाच्या आडून. तिच्या कानातलं डूल हललं. माझ्या आईचं डूल आहे ते. इतकं जवळ होतं, वाटलं, हात लावला तर गार लागेल. ती श्वास घेते तोसुद्धा ऐकू येतो. फोन वाईट नाही. फार चांगला आहे, तेच तर भय आहे. जो इतक्या लांबून माझ्या लेकीचं तोंड इथे आणतो, तो माझी नजर तिकडे नेणार नाही? म्हणून म्हणते, परत करा. तंबूत राहिला तर एक दिवस मला राहवणार नाही.

एसेनबाय : राहवत नाही, हे तरी कबूल केलंस.

कलीपा : सत्तावीस दिवस राहवत नाहीये. काय सांगू तुम्हाला.

एसेनबाय : वाजला! बघ, वाजला. तीच आहे.

कलीपा : घ्या मग. लावा नाक. मी जाते खाली.

एसेनबाय : आज खाली गेलीस तर लेक गेली, समजून जा. — गुलझान! ऐकू येतंय का गं?

गुलझान : येतंय, अके. अपा कुठे आहे?

एसेनबाय : आहे ना, इथेच आहे.

गुलझान : दिसत नाही ती.

एसेनबाय : पाठ करून उभी आहे.

गुलझान : बरं. कळलं मला. तब्येतीला जपा दोघं. ठेवते मी.

कलीपा : ठेवू नकोस!

गुलझान : अपा?

कलीपा : ठेवू नकोस म्हणते ना. हे बघ, बसले मी. रुमाल काढला. सरका हो तुम्ही जरा. दिसते का मी तुला?

गुलझान : दिसतेस. डोळे का मिटलेस? ऊन लागतंय?

कलीपा : माझी नजर जड आहे. बायका मला बघून बादल्या झाकतात ते उगाच नाही, तू काही म्हण. तेरा दिवस राहिलेत, तोवर मी त्याच्याकडे बघणार नाही. पण त्याने मला बघायला काय हरकत आहे? त्याची नजर कुणाला लागत नाही. धर त्याला माझ्यापुढे.

गुलझान : अपा... एवढंच होतं? मला वाटलं...

कलीपा : तुला काय वाटलं ते माहीत आहे. गाढव आहेस. धरलंस का?

गुलझान : धरलं. हा बघ, राजा, ही कोण?

एसेनबाय : या खुदा! अगं म्हातारे, काय हे...

कलीपा : खबरदार! चांगलं एक अक्षर बोलाल तर! वाईटच सांगा. कसा आहे?

एसेनबाय : कुरूप आहे.

कलीपा : किती?

एसेनबाय : भयंकर. अख्ख्या नारिनमध्ये असं पोर झालं नसेल. डोक्यावर एक केस नाही. नाक बसकं, तुझ्यासारखं. कान तर आत्ता उडतील असे.

गुलझान : आणि हनुवटीवर खळी आहे, अपा.

कलीपा : खळी नव्हे! खड्डा म्हण.

गुलझान : खड्डा आहे. घाणेरडा खड्डा आहे, अपा.

कलीपा : अहो, तुम्ही रडताय की काय?

एसेनबाय : असलं कुरूप पोर बघून कोण रडणार नाही?

कलीपा : आणि तो? तो रडतोय?

गुलझान : नाही. तुझ्याकडे बघतोय. एकटक. एरवी असा कुठे टिकत नाही.

कलीपा : मला? ह्या सुरकुत्यांना? एवढ्या लांबून?

गुलझान : हो, एवढ्या लांबून.

कलीपा : अजून बघतोय?

गुलझान : बघतोय, अपा.

कलीपा : मग बोलू नकोस. बघू दे त्याला.